तीन पत्ती येत असेल तर थ्री कार्ड पोकर असा शिका

तीन पत्ती ज्याला येते त्याला थ्री कार्ड पोकर शिकायला फार वेळ लागत नाही. पत्ते तेच, वाटायचे तीनच, आणि जोडी, कलर, सिक्वेन्स हेही ओळखीचं. पण या ओळखीमुळेच नवखा माणूस कॅसिनोच्या टेबलावर गडबडतो. दिवाळीत घरी डाव मांडला की आपण समोरच्याचा चेहरा वाचतो, ब्लाइंड खेळून दबाव आणतो, हातात काही नसताना चाल वाढवून चांगल्या पत्त्यांच्या माणसाला पॅक करायला लावतो. थ्री कार्ड पोकरमध्ये यातलं काहीच चालत नाही. समोर डीलर असतो आणि त्याला स्वतःहून काही ठरवायचंच नसतं, मग तो घाबरणार कशाला? ठरवायचं असतं ते फक्त तुम्ही, आणि तेही एकदाच: खेळायचं की पत्ते टाकायचे. हा निर्णय नीट घेता आला आणि टेबलावर छापलेला बक्षिसांचा तक्ता वाचता आला, तर खेळ आला असं समजा.

हा खेळ डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने १९९४ साली बेतला. इंग्लंडमध्ये ब्रॅग नावाचा तीन पत्त्यांचा जुना खेळ आहे. आपली तीन पत्तीही त्याच घराण्यातली मानली जाते. वेब यांनी ब्रॅगचे तीन पत्ते आणि पोकरची भाषा घेतली, आणि खेळाडूंनी आपसांत झुंजण्याऐवजी प्रत्येकाने एकेकट्याने डीलरशी खेळावं अशी रचना केली. अमेरिकेत मिसिसिपीतल्या कॅसिनोंत तो आधी रुजला आणि नंतर लास वेगासपासून लंडनपर्यंत पसरला.

आधी उतरंड पाठ करा

सर्वांत वर प्युअर सिक्वेन्स, मग ट्रेल, मग साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी आणि शेवटी नुसता मोठा पत्ता. आपल्या तीन पत्तीशी ताडून पाहिलंत तर फरक एकाच जागी दिसेल: आपल्याकडे ट्रेल सगळ्यांच्या डोक्यावर असते, इथे ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. तीन एक्के हातात आले तरी डीलरकडे बदामाची दुर्री-तिर्री-चव्वी निघाली तर डाव डीलरचा.

हे अन्यायाचं वाटतं, पण हिशोब त्याच्याच बाजूने आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत प्युअर सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल ५२. जे दुर्मीळ ते वर, हा नियम वेब यांनी काटेकोर पाळला. आपल्या तीन पत्तीने ट्रेलचा मान परंपरेने वर ठेवला. पुढचे आकडेही डोक्यात असू द्या: सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि काहीच न जमलेले हात १६,४४०. म्हणजे चारपैकी जवळपास तीन वेळा तुमच्या हातात साधी जोडीसुद्धा नसणार. हे आधीच माहीत असलं की सलग सहा-सात हात फुकट गेले तरी ‘आज नशीबच नाही’ म्हणून माणूस पैज वाढवत सुटत नाही.

पाच पत्त्यांचा पोकर खेळणाऱ्यांनी इथे जास्त सांभाळावं. त्या खेळात कलर सिक्वेन्सच्या वर असतो, इथे खाली. टेबलावर डीलर ‘स्ट्रेट’, ‘फ्लश’, ‘पेअर’ असेच शब्द वापरतो. स्ट्रेट म्हणजे आपला सिक्वेन्स, फ्लश म्हणजे कलर. आणखी एक बारीक गोष्ट: आपल्याकडे बऱ्याच घरांत एक्का-दुर्री-तिर्री हा दोन नंबरचा सिक्वेन्स धरतात. इथे तो सगळ्यांत खालचा. सर्वांत मोठा एक्का-राजा-राणी.

टेबलावर काय काय असतं

टेबल अर्धगोल असतं, आतल्या बाजूला डीलर आणि बाहेरच्या बाजूला साधारण सात खुर्च्या. प्रत्येक खुर्चीसमोर कापडावर तीन जागा छापलेल्या असतात. डीलरच्या बाजूला ‘पेअर प्लस’, मध्ये ‘अँटी’ आणि तुमच्या जवळ ‘प्ले’. अँटी म्हणजे आपला बूट, पण तो मधल्या ढिगात जात नाही, तुमच्याच समोर राहतो. शेजारचा काय खेळतो, जिंकतो की हरतो, याचा तुमच्या डावाशी काही संबंध नाही.

पत्त्यांचा एकच जोड वापरतात आणि प्रत्येक डावानंतर तो पुन्हा पिसला जातो, बहुतेक ठिकाणी मशीनमध्ये. त्यामुळे कोणते पत्ते येऊन गेले हे लक्षात ठेवून काही हाती लागत नाही.

पैसे डीलरच्या हातात द्यायचे नाहीत. नोटा कापडावर ठेवायच्या, तो मोजून, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरून तेवढ्या चिप्स पुढे सरकवतो. पत्ते वाटायला सुरुवात झाली की लावलेल्या चिप्सना हात लावायचा नाही. पत्ते टेबलाच्या कडेखाली न्यायचे नाहीत आणि शेजाऱ्याला दाखवायचे नाहीत, मग शेजारी सख्खा भाऊ का असेना. हे नियम रागावून सांगितले जात नाहीत, पण मोडले तर डाव थांबतो आणि सगळं टेबल तुमच्याकडे बघतं.

एक डाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा टेबलावर किमान पैज ५०० रुपये आहे. तुम्ही अँटीच्या जागी ५०० ची चिप ठेवता. पेअर प्लस सध्या मोकळं सोडा. त्याविषयी पुढे सांगतो. डीलर प्रत्येकाला तीन आणि स्वतःला तीन पत्ते उपडे वाटतो. तुम्ही उचलून पाहता: बदाम राणी, किलवर नव्वी, इस्पिक तिर्री. ना जोडी, ना कलर, फक्त राणी मोठी.

आता तो एक निर्णय. पत्ते टाकले तर ५०० गेले, डाव संपला. खेळायचं असेल तर अँटीइतकीच रक्कम, म्हणजे आणखी ५००, प्लेच्या जागी ठेवायची. जास्त नाही, कमी नाही. चाल दुप्पट करायची सोय इथे नाही. तुम्ही ५०० ठेवता आणि पत्ते उपडे करून त्याला लागून ठेवता.

मग डीलर स्वतःचे पत्ते उघडतो, आणि इथे या खेळातला खरा वेगळा नियम येतो. डीलरच्या हातात निदान राणी मोठी असली पाहिजे. राणी, राजा, एक्का यांपैकी एखादा पत्ता किंवा जोडी व त्यावरचं काही असेल तरच त्याचा हात पात्र धरतात. तीन शक्यता पाहू.

डीलरकडे चौकट गुलाम, बदाम सत्ती, किलवर चव्वी निघाले. गुलाम मोठा, म्हणजे हात अपात्र. तुमच्या अँटीवर ५०० मिळतात आणि प्लेचे ५०० जसेच्या तसे परत येतात. नफा ५००.

डीलरकडे राणी, अठ्ठी, सत्ती निघाले. हात पात्र आहे, पण राणीला राणी आणि मग तुमची नव्वी त्याच्या अठ्ठीपेक्षा मोठी. अँटीवर ५०० आणि प्लेवर ५००, नफा १,०००.

डीलरकडे राणी, दश्शी, पंजी निघाले. हात पात्र, आणि दश्शी नव्वीच्या वर. तुमचे १,००० गेले. दोघांचे हात अगदी सारखे निघाले, तर दोन्ही पैजा जशाच्या तशा परत.

याशिवाय एक बक्षीस आपोआप लागतं, त्याला अँटी बोनस म्हणतात. प्ले लावून खेळलात आणि तुमच्या हातात सिक्वेन्स असेल तर अँटीच्या एक पट, ट्रेल असेल तर चार पट, प्युअर सिक्वेन्स असेल तर पाच पट, हा सर्वांत जास्त दिसणारा तक्ता. हे बक्षीस डीलरकडे काय निघालं यावर अवलंबून नाही. तुमचा सिक्वेन्स त्याच्या मोठ्या सिक्वेन्सपुढे हरला तरी बोनस तुमचाच. काही डीलर घाईत असतात, तेव्हा तो मिळाला का हे स्वतः पाहा.

नवख्यांना इथे एक गोष्ट खटकते. हातात झकास ट्रेल आहे आणि डीलरचा हात अपात्र निघाला, तर प्लेवर काहीच मिळत नाही. चिडू नका. याच नियमामुळे तुमचा हलका हातही दहापैकी तीन वेळा वाचतो: डीलर २२,१०० पैकी ६,७२० हातांत, म्हणजे ३०.४ टक्के वेळा, अपात्र ठरतो.

राणी, छक्की, चव्वी

आता या खेळाचं सगळं शहाणपण ज्या एका नियमात आहे तो नियम. हात राणी-छक्की-चव्वी किंवा त्याहून चांगला असेल तर खेळा. त्याहून हलका असेल तर टाका. बस.

तुलना पत्त्या-पत्त्याने करायची. आधी सर्वांत मोठा पत्ता. तो राजा किंवा एक्का असेल तर पुढचं बघायचंच नाही, खेळायचं. राणी असेल तर दुसरा पत्ता बघा: सत्ती किंवा मोठा असेल तर खेळा, पंजी किंवा लहान असेल तर टाका. दुसरा पत्ता नेमका छक्की असेल तेव्हाच तिसऱ्याकडे जायचं: चव्वी किंवा पंजी असेल तर खेळा, दुर्री-तिर्री असेल तर टाका.

काही हात करून बघा. राजा-तिर्री-दुर्री: खेळा. राणी-सत्ती-दुर्री: खेळा. राणी-छक्की-तिर्री: टाका. राणी-पंजी-चव्वी: टाका, जरी शेवटचे दोन पत्ते ‘जवळजवळ सिक्वेन्स’ वाटत असले तरी. गुलाम-दश्शी-अठ्ठी वेगवेगळ्या रंगांचे: टाका. दुर्रीची जोडी: डोळे झाकून खेळा. जोडी कधीही टाकायची नाही.

हा नियम कुठून आला? गुलाम किंवा त्याखालचा हात घ्या. पत्ते टाकले की एक अँटी जाते. शंभर वेळा टाकले तर शंभर अँट्या गेल्या. आता तेच शंभर हात खेळून बघू. साधारण तीस वेळा डीलर अपात्र निघेल, तुम्हाला तीस अँट्या मिळतील. उरलेल्या सत्तर वेळा त्याच्याकडे निदान राणी असेल, म्हणजे तुम्ही हरणारच, आणि प्रत्येक वेळी अँटी अधिक प्ले असे दोन जातील: एकशे चाळीस. वजाबाकी केली तर एकशे दहाचं नुकसान. शंभर विरुद्ध एकशे दहा. म्हणून टाकणं स्वस्त. हात जसजसा सुधारतो तसं पारडं फिरतं, आणि ते नेमकं राणी-छक्की-चव्वीवर फिरतं.

या नियमाने खेळलात तर तीनपैकी साधारण एक हात टाकावा लागतो. तीन पत्ती अंगात भिनलेल्या माणसाला हे जड जातं, कारण आपल्याकडे ‘एवढ्यात पॅक?’ म्हणून चिडवतात. इथे चिडवणारं कोणी नसतं. पत्ते न बघता ब्लाइंड खेळायची हौस असेल तर ती मात्र घरी ठेवून या: या नियमाने खेळताना कॅसिनोचा वाटा, म्हणजे लांबच्या पल्ल्यात सरासरी तुमच्या खिशातून त्याच्याकडे जाणारी रक्कम, अँटीच्या ३.३७ टक्के असतो, ब्लाइंड खेळलात की तो साडेसात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे न बघण्याची किंमत दुपटीहून जास्त.

पेअर प्लस: तक्ता वाचल्याशिवाय नाही

पेअर प्लस ही वेगळी पैज आहे. तुमच्या तीन पत्त्यांत जोडी किंवा त्यावरचं काही आलं तर पैसे मिळतात, नाहीतर गेले. डीलरचे पत्ते इथे मोजतच नाहीत. गंमत आहे, नवख्यांना आवडते, आणि चाळीस पटीचा आकडा डोळ्यांत भरतो.

पण बघायचा आकडा तो नाहीच. बघायचा तो कलरचा. मूळच्या उदार तक्त्यात प्युअर सिक्वेन्सला ४० पट, ट्रेलला ३०, सिक्वेन्सला ६, कलरला ४ आणि जोडीला १ पट मिळतात. त्या हिशोबाने कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के पडतो. अनेक टेबलांवर बाकी सगळं तसंच ठेवून कलर ४ वरून ३ वर आणलेला असतो. एक आकडा बदलला, आणि वाटा ७.२८ टक्के झाला. कारण साधं आहे: कलरचे हात १,०९६ आहेत, प्युअर सिक्वेन्सचे ४८. जो हात वरचेवर येतो त्याचं बक्षीस कापलं की खिसा कापला जातो. माझं मत स्पष्ट आहे: कलरला ४ पट असेल तर हौसेपुरती पेअर प्लस लावा, ३ पट असेल तर ती जागा मोकळी ठेवा.

काही ठिकाणी ‘सिक्स कार्ड बोनस’ अशी चौथी जागा असते. तुमचे तीन आणि डीलरचे तीन मिळून पाच पत्त्यांचा सर्वोत्तम हात बनवायचा असतो. आकडे फार मोठे दिसतात. शिकाऊ माणसाने तिकडे वळू नये.

घरचा सराव

पैसे लावण्याआधी घरी दोन-तीन संध्याकाळी बसा. पत्त्यांचा जोड आणि वाटीभर चिंचोके पुरेत. घरातल्या कुणाला तरी डीलर करा आणि जागा कागदावर आखून घ्या. पहिल्या बैठकीत चिंचोके लावूच नका, फक्त हात उचलायचा आणि मोठ्याने सांगायचं, ‘खेळतो’ किंवा ‘टाकतो’, आणि का तेही. राणीचे हात आले की वेग मंदावतो. तोच वेग वाढवायचा आहे. दुसऱ्या बैठकीत चिंचोके घ्या आणि डीलरचा हात पात्र आहे का, अँटीवर किती, प्लेवर किती, हा हिशोब डीलरच्या आधी स्वतः करा. डीलर झालेल्याचाही सराव होतो, म्हणून आळीपाळीने बसा.

मोबाइलवर पैसे लावून सराव करायच्या फंदात पडू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे.

गोव्याला जाणार असाल तर

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ मध्ये त्यासाठी कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे मराठी माणसाची गाडी सहसा पणजीला, मांडवीतल्या जहाजांकडे वळते. गोव्याच्या कायद्याप्रमाणे माणसाने पत्ते वाटायची टेबलं या जहाजांवरच चालतात. किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरचे खेळ असतात. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र लागतं, आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना खेळायच्या जागेत प्रवेश नाही. कोणत्या जहाजावर कोणते खेळ उघडे आहेत हे रोज बदलू शकतं, म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून थ्री कार्ड पोकर आहे का आणि किमान पैज किती, हे विचारा. ‘तीन पत्ती’ किंवा ‘फ्लश’ नावाची टेबलंही असतात. त्यांचे नियम वेगळे, तिथे राणी-छक्की-चव्वी लावू नका.

पैशांचं गणित बसायच्या आधी करा. प्रत्येक डावाला अँटीच्या दुप्पट रक्कम तयार लागते, त्यामुळे ५०० च्या टेबलावर निदान तीस अँट्या, म्हणजे १५,००० रुपये नसतील तर चांगले हात येण्याआधीच उठावं लागेल. तासाला चाळीस डाव झाले असं धरलं तर २०,००० रुपयांच्या अँट्या लागतात आणि त्यावर ३.३७ टक्क्यांनी सरासरी ६७४ रुपये जातात. प्रत्येक डावाला ५०० ची पेअर प्लस तीन पटीच्या तक्त्यावर लावत राहिलात तर त्यात आणखी १,४५६ ची भर. ही सरासरी आहे. एका रात्रीत पाच हजार वर किंवा दहा हजार खाली हे दोन्ही सहज घडतं. लांबच्या पल्ल्यात मात्र कुठल्याही युक्तीने हा वाटा शून्यावर येत नाही. म्हणून ही रक्कम सहलीच्या खर्चात धरा, कर्जाची किंवा घरभाड्याची कधीच नको.

त्यात कर वेगळा. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्ससाठी दिलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. कॅसिनोच्या तीन-चार टक्क्यांच्या वाट्यापुढे हा आकडा किती मोठा आहे बघा. हा कर चिप्सच्या किमतीत धरलाय की वरून लागणार, प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळालेल्या चिप्स रोखीत बदलता येतात की फक्त खेळायच्याच असतात, हे दोन प्रश्न कॅश काउंटरवर आधी विचारा.

पहिल्यांदा गेलात की लगेच बसू नका. टेबलामागे उभं राहून काही डाव बघा, कलरला किती पट आहे ते वाचा, डीलरच्या हाताची पात्रता मनात ठरवा. मग कडेची खुर्ची घ्या, म्हणजे मधल्या गर्दीत घाई होत नाही. निर्णयाला वेळ लागला तर डीलर थांबतो. नियमांबद्दल शंका असेल तर पत्ते वाटण्यापूर्वी सरळ विचारा, हिंदीत विचारलंत तरी चालतं. उठताना सुट्या चिप्स टेबलावर ठेवून ‘कलर चेंज’ म्हणा. डीलर त्या मोजून मोठ्या किमतीच्या चिप्स देतो आणि त्या घेऊन काउंटरवर जायचं.